घरात वाढवलेली टोमॅटोची रोपं छतावर नेताच पांढरी पडली, काय चुकलं?

सुदामानगरची काकू

नमस्कार मंडळी. इथले बरेच जण माझ्या मुलाच्या वयाचे दिसतात, तेव्हा मला काकूच म्हणा. आम्ही इंदूरचे. तीन पिढ्या इथेच गेल्या, त्यामुळे माझ्या मराठीत गमला (म्हणजे कुंडी), छत (म्हणजे गच्ची), बोरिंग हे येणारच. पुण्याच्या मंडळींनी सांभाळून घ्यावं.

वसंत पंचमीला मी टोमॅटोचं बी पेरलं. छावणीतून आणलेलं पाकीट, अर्का रक्षक जातीचं. चहाचे कागदी कप, बुडाला दाभणाने तीन तीन भोकं, आत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं घरचं खत. असे बावीस कप. रात्री अजून गारठा होता म्हणून बाहेर ठेवायचा प्रश्नच नव्हता. समोरच्या खोलीला दक्षिणेची खिडकी आहे, तिच्या कट्ट्यावर दोन ट्रे मांडले. सहाव्या दिवशी पहिली मान वर आली, पुढच्या चार दिवसांत एकोणीस उगवली. सकाळचा चहा मी त्यांच्यासमोर बसूनच घ्यायचे. आमचे हे म्हणाले, "लग्न झाल्यापासून माझ्याकडे एवढं बघितलं नाहीस."

रोपं वाढली, पण कशी? वीतभर उंच आणि सुतळीसारखी लुकडी. सगळी खिडकीकडे वाकलेली. ट्रे फिरवला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकडेच मान. मला वाटलं उंच झाली म्हणजे तयार झाली.

रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, टीव्हीवर बघितली, जिने-अंगण धुतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला दोन्ही ट्रे छतावर नेऊन ठेवले. छान कडक ऊन होतं, म्हटलं आता पोरांची चंगळ. चार वाजता वर जाऊन पाहते तर सगळ्या माना खाली. घाईघाईने पाणी घातलं. संध्याकाळी थोडी सावरली, पण सकाळी पानांवर मोठाले पांढरे डाग. पतंगाच्या कागदासारखे. बोटांत धरून चोळलं तर चुरा. खाली कीड नाही, जाळी नाही, पावडर नाही. शिरा तेवढ्या हिरव्या. त्यातच पाच रोपं देठापासून आडवी झाली ती उठलीच नाहीत.

आता हे सगळं मी शिकले कुठून तेही सांगते, कारण घोळ तिथेच असावा असं मला वाटतंय.

माझा मुलगा कॅनडात असतो, टोरंटोजवळ. मागच्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर मी तिकडे होते. गेल्या गेल्या तळघर दाखवायला नेलं, तर तिथे पांढऱ्याफेक दिव्याखाली चार रोपं. पान बघताक्षणी ओळखलं. माझं माहेर उज्जैनचं, महाकालाच्या गल्लीत भांग घोटताना बघतच मोठी झाले. ते पंजासारखं कातरलेलं पान मला कोण शिकवणार? म्हटलं, अरे मेल्या, हे काय! तर हा हसतो. म्हणे, आई, इथे २०१८ च्या ऑक्टोबरपासून कायद्याने चालतं, आमच्या ओंटारियोत एका घरामागे चार रोपं, पाचवं नाही. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मीच पाणी घालत होते. शेवटी रोप ते रोप.

बी ओल्या कागदात ठेवायचं, मोड फुटला की कपात. दिवा अठरा तास. तिकडे मेपर्यंत रात्री पाणी गोठतं, म्हणून व्हिक्टोरिया डेची सुट्टी होईपर्यंत लोक नाजूक रोपं बाहेर लावत नाहीत. ती सुट्टी २५ मेच्या आधीच्या सोमवारी येते. त्याआधी आठ-दहा दिवस माझा मुलगा रोज ते कप बाहेर ठेवायचा आणि तासाभरात आत आणायचा. दुसऱ्या दिवशी दोन तास. मग तीन. ऑफिसच्या मीटिंगमधून उठून आत आणायचा! मला हसू यायचं. बाळाला कोवळं ऊन दाखवतात ना अंगणात नेऊन, अगदी तसं. मी समजले हा सगळा खटाटोप थंडीपायी. आणि रंगपंचमीनंतर इंदुरात कसली आली थंडी? म्हणून तेवढा भाग मी गाळला.

आता एवढंच सांगा की पांढरी पडलेली वाचतील का, ती अशी लुकडी का झाली, आणि उरलेली चौदा मोठ्या गमल्यांत लावू की नको.

विजयनगरचा नवखा

काकू, सेम टू सेम. माझी मिरची होती. मी तर पांढरे डाग बघून रोग समजलो आणि नीमतेल फवारलं, तेही भर दुपारी. जी अर्धी वाचली होती तीसुद्धा संध्याकाळपर्यंत तळून निघाली. तेवढं करू नका. बाकी मोठ्यांना विचारा, मी फक्त मारण्यात एक्सपर्ट आहे भिया.

राजेंद्रनगरचे काका

काकू, तुम्ही म्हणालात म्हणून काकू, नाहीतर वयाने मीच मोठा निघेन. कृषी खात्यात नोकरी झाली, आता छतावरच शेती.

तुमच्या रोपांना रोग नाही. ऊन लागलंय. माणसाला लागतं तसंच.

काचेआड वाढलेल्या पानाला खरं ऊन माहीतच नसतं. खिडकीची साधी काच उन्हातला भाजणारा अतिनील भाग बराचसा अडवते. घरात वारा नाही, हवा कोरडी नाही, म्हणून पानावर मेणाचा थर पातळ राहतो. असं पान एकदम मार्चच्या बाराच्या उन्हात गेलं की हिरवा रंग जळतो आणि कागद उरतो. वर तुमच्या छताचा स्लॅब. बारा वाजता त्यावर अनवाणी उभ्या राहून बघा किती वेळ राहवतं ते. त्या इवल्याशा कपातली माती वरून आणि खालून दोन्हीकडून तापली. मुळं पाणी ओढणार कधी आणि पानं टिकणार कशी?

म्हणजे तुमच्या चिरंजीवांचा तो आत-बाहेरचा खेळ थंडीसाठी कमी आणि ऊन-वाऱ्यासाठी जास्त होता. कोवळं ऊन हा शब्द तुम्हीच वापरलात. बाळाला कोवळं ऊन देतात ते काय थंडी वाजते म्हणून? भांगेचं रोप असो की टोमॅटोचं, घरातून बाहेर काढायची रीत एकच. ती इंदुरात जास्त लागते, कारण मार्चमधलं आपलं ऊन तिकडच्या मेपेक्षा कडक.

पांढरा भाग परत हिरवा होणार नाही, त्याची आशा सोडा. शेंडा बघा. मधलं बारीक पान हिरवं आणि ताठ असेल तर रोप वाचलं. डागाळलेली पानं आत्ताच खुडू नका, त्यांचा जो भाग हिरवा आहे तो अजून रोपाला पोसतोय. खत अजिबात घालू नका. आजारी माणसाला कोणी श्रीखंड-पुरी वाढत नाही.

ती आडवी झालेली पाच मात्र वेगळी वाटतात. देठ मातीलगत बघा. चिमटीत दाबल्यासारखा बारीक आणि तपकिरी झाला असेल तर ते ऊन नव्हे, रोपं कोलमडण्याचा रोग. पिथियमसारख्या बुरशा ओल्या, गार, हवा न खेळणाऱ्या मातीत हे करतात. देठ आतून पोखरलेला होता, उन्हाने नुसतं निमित्त केलं. अशी रोपं कपासकट बाहेर टाका. लोक हळद टाका म्हणतात, दालचिनी टाका म्हणतात. माझ्या अनुभवात पाणी कमी करण्याइतका गुण कशालाच नाही. कप ताटलीत ठेवा, ताटलीत बोटभर पाणी घाला, दहा मिनिटांनी उरलेलं ओतून द्या. वरची माती कोरडी राहिली पाहिजे.

घरचं खत निम्मं घातलंत, ते किती दिवसांचं होतं? हे विचारण्यामागे कारण आहे. आपण राहतो त्या गावाच्या नावाने जगभर खत करतात, हे इंदुरातच निम्म्या लोकांना ठाऊक नाही. १९२४ साली आल्बर्ट हॉवर्ड इथे आले, होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली आणि १९३१ पर्यंत त्यांनी आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, राख यांचे थर लावून खत करायची पद्धत बसवली. तीच इंदूर पद्धत. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. त्या पद्धतीत सुद्धा ढीग मधूनमधून वरखाली करत तीन महिने लागतात. आपण बादलीत भाजीची देठं टाकतो आणि महिन्यात झालं म्हणतो. अर्धकच्चं खत मोठ्या झाडाच्या बुंध्याशी चालतं, बियाण्याच्या कपात नाही. कपात नुसतं कोकोपीट, फार तर मूठभर जुनं, चाळलेलं खत.

आता लुकडेपणा. खिडकी दक्षिणेची, उत्तम. पण एक गंमत बघा. इंदूर २२.७ अंश अक्षांशावर. डिसेंबरअखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश वर येतो, म्हणून ऊन खिडकीतून थेट सोफ्यापर्यंत पोचतं. २१ मार्चला तोच सूर्य ६७ अंशांवर. मग ऊन कट्ट्यापुरतं, आणि वर छज्जा असेल तर तेवढंही नाही. बाहेर ऊन चढत जातं तसं खिडकीतलं ऊन उतरत जातं. तुमची रोपं दीड महिना त्या सरकत्या उन्हामागे मान लांब करत होती. माझ्या घरी तर जानेवारीत जिथे मांजर झोपतं तिथपर्यंत रोपं ठेवतो. मांजराने जागा बदलली की मी ट्रे सरकवतो.

टोमॅटोचं एक बरं असतं. लावताना देठ खोल पुरला तर पुरलेल्या भागाला मुळं फुटतात. वीतभर रोप असेल तर खालची पानं काढा आणि वरची चार-पाच पानं बाहेर ठेवून बाकी सगळं मातीत. नवख्याने मिरचीला हे करू नये, ती टोमॅटोसारखी पटकन मुळं सोडत नाही.

सगळ्यात मोठी चूक तारखेची आहे, आणि ती तुमची नाही, तुमच्या लेकाच्या तिकडच्या रीतीची. तिकडचे लोक पाणी गोठवणारी शेवटची रात्र कधी येईल त्यावरून मागे आठवडे मोजतात. आपल्याकडे तशा रात्री सहसा येत नाहीत. आपण मागे मोजायचं ते लूपासून, म्हणजे उन्हाळ्यातल्या तापल्या वाऱ्यापासून. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २४-२५ च्या वर गेलं की टोमॅटोचं फूल फळ धरत नाही, परागकणच नीट होत नाहीत, फूल देठासकट गळतं. मालव्याच्या रात्री गार म्हणून आपल्याला एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत थोडी सवलत मिळते. शब-ए-मालवा, म्हणजे मालव्याची रात्र, शायरांनी उगीच गाजवलेली नाही, टोमॅटोला पण ती आवडते. तोवर फुलं येऊन फळ धरायला हवं. म्हणजे रोप फेब्रुवारीच्या मध्याला बाहेर. म्हणजे बी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, संक्रांतीच्या आधी. आणि जानेवारीत इथे रात्री पारा दहाच्या खाली जातो, त्यात टोमॅटोचं बी उगवत नाही, म्हणूनच घरात करायचं. वसंत पंचमीला पेरणं म्हणजे महिनाभर उशीर. कॅनडाचं पंचांग तुम्ही इंदुरात उघडलंत.

सुदामानगरची काकू

काका, तुमचं उत्तर यांना मोठ्याने वाचून दाखवलं. श्रीखंड-पुरीपाशी ते म्हणाले, हा माणूस आपला.

आत्ता जाऊन पाहिलं. पाचपैकी तिघांचा देठ मातीलगत अगदी शेवयीसारखा झालाय. दोघांचा चांगला आहे, ती नुसती होरपळली. खत पाच आठवड्यांचं होतं, तुम्ही बरोबर पकडलंत. वास यायचा थोडा, मी म्हटलं खताला खताचा वास येणारच.

चौदाच्या चौदा आत आणली आहेत. दहांचे शेंडे हिरवे, चारांचं सांगता येत नाही.

आणखी एक विचारू का? मुलगा दिवा अठरा तास लावायचा. तेवढा लावला असता तर लुकडी झाली नसती का? मग रोपं बाहेर गेल्यावर ऑगस्टमध्ये उलटंच सुरू झालं. मी रात्री मागच्या अंगणातला दिवा लावला की धावत यायचा, आई बंद कर, त्यांना अंधार पाहिजे! एकदा तर मी देवाला दिवा लावला तर खिडकीचा पडदा ओढायला सांगितलं. टोमॅटोचंही असं नखऱ्याचं असतं का?

देवासची ताई

काकू, दिव्याचं मी सांगते, मागची दोन वर्षं मी दिव्यावरच करते. आमचा फ्लॅट पूर्वेचा, नऊनंतर ऊन गायब.

काही खास महागडा दिवा लागत नाही. साधी २० वॅटची एलईडी पट्टी, पांढऱ्या उजेडाची. फक्त वर सिलिंगला लावायची नाही, रोपांच्या डोक्यावर वीतभर अंतरावर. मी जुन्या बुटांच्या रॅकच्या वरच्या फळीला खालून बांधली आहे आणि रोपं वाढतील तसे खालच्या ट्रेखालचे पुस्तकांचे गठ्ठे काढत जाते. यंदा अकरावीचं भौतिकशास्त्र सगळ्यात शेवटी निघालं. १६ तास लावला तर महिन्याला साधारण दहा युनिट होतात, फ्रिजच्या मानाने काहीच नाही. चोवीस तास मात्र ठेवू नका. टोमॅटोला अखंड उजेड सोसत नाही, पानं पिवळी पडतात.

आणि दिव्याइतकाच टेबल फॅन. लांबून, मंद. पानं जराशी हलत राहिली की देठ जाड होतो. फॅन नसेल तर येता-जाता तळहात रोपांवरून फिरवा, दिवसातून दोनदा. माझी सासू हे बघून म्हणाली, कुत्र्याला कुरवाळावं तसं काय कुरवाळतेस.

काकांचं एक मला पटलं नाही. नुसतं कोकोपीट म्हणता, पण त्यात पोषण काहीच नसतं, दोन खरी पानं (बियातून निघणाऱ्या पहिल्या जोडीनंतरची) आली की रोप पिवळं पडायला लागतं. मी तेव्हा एकदा जुनं गांडूळखत पाण्यात भिजवून, गाळून, फिक्या चहासारखं पातळ करून देते. आणि कोकोपीटची वीट आधी दोन-तीन पाण्यांत धुऊन घेते, कधीकधी खारट निघते.

राजेंद्रनगरचे काका

ताईंचं बरोबर आहे. मी मूठभर जुनं खत म्हणालो ते त्यासाठीच, पण पातळ पाण्याची रीत जास्त सुरक्षित. मान्य.

काकू, अंधाराचं. भांगेचं रोप रात्र मोजतं. रात्र लहान असेल तोवर ते नुसतं पानं काढत वाढतं, रात्र लांबत गेली की फुलावर येतं. म्हणून लेकाने आधी अठरा तास दिवा दिला, आणि उन्हाळा उतरताना रात्र अखंड राहावी म्हणून तुमचा दिवा बंद केला. मध्येच उजेड पडला की त्याची मोजणी चुकते. आपल्या शेवंतीचंही असंच आहे, रस्त्याच्या दिव्याखालच्या शेवंतीला कळ्या उशिरा येतात ते यामुळेच. टोमॅटो रात्र मोजत नाही. त्याला उजेड पाहिजे तो पोटासाठी, वेळ कळायला नव्हे. तुम्ही देवापाशी खुशाल दिवा लावा.

विजयनगरचा नवखा

काका, मग त्या चार रोपांचं आपल्याकडे काही जमेल का? सायन्ससाठी विचारतो 😄

राजेंद्रनगरचे काका

सायन्स घरी ठेव आणि मिरची जगव आधी. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली परवान्याशिवाय ते रोप लावणं हाच गुन्हा आहे, एक असो की चार. भांगेचं दुकान दिसतं म्हणून गल्लत करू नकोस. नुसतं पान कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून सरकारी ठेक्यावर विकता येतं. गमल्यात झाड लावायची मुभा त्यातून निघत नाही. पुढचा विषय.

बडोद्याचा मांजलपूरकर

मंडळी, बाहेरून डोकावतोय. काकांचा लूपासून मागे मोजायचा हिशेब आम्हाला अजून लवकर लागतो. बडोदा सखल, तुमच्या मालव्यासारखी उंची नाही, गार रात्रीही लवकर संपतात. मी बी दसरा-दिवाळीच्या सुमाराला गॅलरीतच टाकतो, घरात आणायची वेळच येत नाही. जानेवारीत टोमॅटो तोडतो. एकदा इंदूरच्या मावसभावाचं ऐकून जानेवारीत पेरलं, होळीनंतर नुसती झुडपं आणि खाली फुलांचा सडा. त्यामुळे वाचणाऱ्यांनी आपापलं गाव बघून तारीख लावावी.

काकू, अर्का रक्षक घेतलंत हे मात्र चांगलं केलंत. ती संकरित जात आहे, बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेची, आणि पानं आकसण्याचा जो विषाणू पांढरी माशी पसरवते त्याला दाद देत नाही. मार्च-एप्रिलमध्ये त्या माशीचं राज्य असतं. फक्त तिची बी पुढच्या वर्षासाठी धरून ठेवू नका, संकरिताची पोरं आईसारखी निघत नाहीत.

सुदामानगरची काकू

घ्या, म्हणजे यंदाची तयारी फुकट! मी लाल टोमॅटोची बी काढून राखेत घोळून ठेवायचा बेत केला होता. माझी आई देशी वांग्याची तशीच ठेवायची, चुलीमागे टांगून.

आता तुम्ही सगळे मिळून एक सांगा, फळ लागणार नसेल तर चौदा रोपं जगवून करू काय?

राजेंद्रनगरचे काका

जगवा. फळ अजिबात लागणार नाही असं नाही, कमी लागेल. दुपारी ग्रीन नेटची सावली दिलीत तर एप्रिलमध्ये काही फुलं धरतील. मे महिन्यात झाड नुसतं जिवंत ठेवायचं, फुलांचा हट्ट करायचा नाही. पण सगळी चौदा नकोत, छतावरच्या पाण्याचा विचार करा. नर्मदेचं पाणी तिकडून जलूदहून चढवून आणतात, तेही रोज येत नाही. धडधाकट सहा ठेवा, बाकी शेजारी वाटा. रिकाम्या गमल्यांत भेंडी टाका, तिला ऊन बाधत नाही आणि बी थेट मातीत पडतं. ना कप, ना खिडकी.

सवय कशी लावायची ते सांगायचं राहिलं. उद्यापासून तीन दिवस सकाळी सात ते आठ, पूर्वेच्या कोवळ्या उन्हात. ट्रे स्लॅबवर टेकवू नका, दोन विटा आणि वर फळी. मग रोज तासभर वाढवा. दहाच्या पुढचं ऊन सहाव्या-सातव्या दिवसाच्या आधी नको, आणि बाराचं तर सगळ्यात शेवटी, तेही जाळीखाली. जोराचा वारा सुटला तर त्या दिवशी सुट्टी. बाहेर न्यायच्या आधी रात्री पाणी पाजा, उन्हात तहानलेलं रोप नेऊ नका. मान पडलेली दिसली की लगेच आत, पाणी त्यानंतर. तुम्ही त्या दिवशी उन्हातच पाणी ओतलंत, त्याचा उपयोग कमी.

सुदामानगरची काकू

आज बारावा दिवस, म्हणून कळवते.

चौदातली अकरा उभी आहेत. दोन वाळली. एक मी लावताना मोडली, देठ खोल पुरायच्या नादात. तुम्ही शेंड्याचं म्हणालात ते अगदी तसंच झालं. खालची पानं अजून अर्धी पांढरी, पण वर जी नवी आली आहेत ती निराळीच दिसतात. गडद, जाडसर, हाताला खरखरीत. देठावर बारीक लव. जुनी पानं त्यांच्यापुढे रेशमी रुमालासारखी वाटतात. चुरगळून वास घेतला तर घरभर टोमॅटोचा वास, खिडकीतल्या पानांना तो नव्हता.

पहिले तीन दिवस मी नेत होते. चौथ्या दिवशी गुडघा धरला, तेव्हापासून हे नेतात. मला न सांगता मोबाइलवर दोन गजर लावून ठेवलेत, एक बाहेर न्यायचा, एक आत आणायचा. परवा पोहे ताटात सोडून उठले. मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तो म्हणतो, "बघ, मला हसत होतीस!" मी म्हटलं, अरे, तुझी चार होती, आमची अकरा आहेत, आणि पोलीस आले तर चहा घेऊन जातील.

पाच शेजारी देणार आहे. विजयनगरच्या नवख्या, तुला पाहिजे तर ये, एक ठेवते, पण नीमतेल घरी ठेवून ये.

काका, शेवटचं एक. जाळी आणायला सियागंजला गेले होते. दुकानदार म्हणतो ७५ टक्केवाली घ्या, सावली चांगली पडते. तुम्ही कितीची लावता?

राजेंद्रनगरचे काका

५० टक्केवाली घ्या. ७५ मध्ये पुन्हा लुकडी होतील. आणि कापून उरलेला तुकडा फेकू नका, मे महिन्यात तुळशीवर लागेल.